रेव्हिटमधून खोल्यांच्या हद्दी बाहेर काढायच्या आहेत? नवशिक्यांसाठी

नाशिकच्या गंगापूर रोडवरचा एखादा टू बीएचके धरा. त्यातल्या एकाच बेडरूमची हद्द चार जणांना हवी असते. बिल्डरला रेरा कायद्यातल्या कार्पेट एरियासाठी, टाइल्सच्या ठेकेदाराला फरशीच्या मोजमापासाठी, एसीच्या कन्सल्टंटला हीट लोडसाठी (खोली थंड ठेवायला किती उष्णता काढावी लागेल ते), आणि परवानगीचं ड्रॉइंग करणाऱ्याला बंद पॉलीलाइन, म्हणजे सलग जोडलेल्या रेघांची आकृती, म्हणून. मॉडेल एक, खोली एक, पण हद्द चौघांची वेगळी. त्यामुळे ऑफिसात नव्याने आलेल्या मुलामुलींनी ‘एक्सपोर्ट कसं करू?’ असं विचारलं की मी उलट विचारतो, ‘कुणासाठी?’ बटण कुठे आहे ते पाच मिनिटांत सापडतं. चुकीची हद्द गेली तर ते कळायला मात्र दोन महिने लागतात, आणि तोवर ब्रोशर छापून झालेलं असतं.

इथे रेव्हिट, म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर, धरून लिहितो आहे, कारण नाशिकच्या ज्या ऑफिसांशी माझा संबंध येतो तिथे बहुतेक तेच चालतं. आर्किकॅड हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी ‘रूम’च्या जागी ‘झोन’ वाचावं. विचार तोच, मेनू वेगळे.

आधी हद्द ठरवा

आर्किटेक्चर टॅबवर रूम अँड एरिया पॅनेलच्या नावाशेजारचा छोटा बाण दाबला की ‘एरिया अँड व्हॉल्यूम कॉम्प्युटेशन्स’ दिसतं. त्यात चार पर्याय आहेत: भिंतीच्या फिनिशपाशी, भिंतीच्या मध्यावर, कोअरच्या कडेवर आणि कोअरच्या मध्यावर. ही सेटिंग अख्ख्या प्रोजेक्टला एकच असते. एकाने बदलली की सगळ्यांची शेड्यूल, म्हणजे खोल्यांचे तक्ते, बदलतात. म्हणून आपल्या मनाने हात लावू नका, आधी टीम लीडला विचारा.

फरक किती पडतो ते एका खोलीवर बघू. आतून ३.६० × ३.०० मीटरची बेडरूम. दोन बाजूंना प्लास्टरसकट १५० मिमीच्या, म्हणजे सहा इंची बाहेरच्या भिंती, आणि दोन बाजूंना १०० मिमीच्या चार इंची आतल्या भिंती. आतलं प्लास्टर १२ मिमी. फिनिशपाशी मोजली तर खोली १०.८० चौरस मीटर भरते. कोअरच्या कडेवर, म्हणजे प्लास्टर सोडून विटेपर्यंत मोजली तर १०.९६. भिंतीच्या मध्यावर मोजली तर ११.६४. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात ०.८४ चौरस मीटरचा, म्हणजे साधारण नऊ चौरस फुटांचा फरक आहे. तोही एकाच खोलीत. नऊ चौरस फूट म्हणजे काय, हे फ्लॅट विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

भिंतीच्या टाइपमध्ये प्लास्टरचा थरच दिलेला नसेल, नुसती १५० ची एकसंध भिंत असेल, तर फिनिश आणि कोअर दोन्हीकडे एकच आकडा येईल. बऱ्याच ऑफिसांत घाईत तशाच भिंती काढतात. आकडे जुळले म्हणून खूश होण्याआधी एडिट टाइपमध्ये जाऊन भिंतीचे थर बघून घ्या.

रेराचं प्रकरण आणखी वेगळं. २०१६ च्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेट एरियात बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, फ्लॅटची स्वतंत्र बाल्कनी किंवा व्हरांडा आणि स्वतंत्र उघडी गच्ची धरत नाहीत. आतल्या पार्टिशन भिंतींनी व्यापलेली जागा मात्र धरतात. आता रेव्हिटमधल्या सगळ्या रूमची फिनिशपाशी मोजलेली क्षेत्रफळं बेरीज केलीत तर त्यात ही पार्टिशन येतच नाहीत. फ्लॅटमध्ये चार इंची भिंती मिळून १८ मीटर असतील तर १.८० चौरस मीटर, म्हणजे १९ चौरस फुटांच्या वर जागा बेरजेतून गळते. भिंतीच्या मध्यावर मोजलं तर पार्टिशन येतात, पण बाहेरच्या भिंतींची अर्धी जाडीही आत घुसते. म्हणजे रूमची कुठलीही सेटिंग ठेवा, नुसत्या बेरजेने रेराचं कार्पेट निघत नाही.

त्यासाठी त्याच डायलॉगमधल्या ‘एरिया स्कीम्स’ टॅबवर नवी स्कीम बनवा, नाव द्या ‘रेरा कार्पेट’. तिचा एरिया प्लॅन काढा. ‘अप्लाय एरिया रूल्स’ची खूण काढून, फ्लॅटच्या बाहेरच्या भिंतींच्या आतल्या कडेने हद्दीची रेघ स्वतः फिरवा. डक्ट आणि बाल्कनी बाहेर ठेवा. यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, बांधकाम क्षेत्र पी-लाइनवर (बांधकामाच्या परिघाच्या रेघेवर) मोजतात, तेव्हा तेही रूममधून काढायला जाऊ नका. त्यासाठीही वेगळी एरिया स्कीम हवी.

मग मॉडेल साफ करा

रूम पाण्यासारखी असते: मधोमध टाकली की भिंतीला लागेपर्यंत पसरते, आणि फट दिसली की बाहेर जाते. शेड्यूलमध्ये क्षेत्रफळाच्या जागी ‘नॉट एन्क्लोज्ड’ दिसलं तर कुठेतरी फट आहे. ‘रिडंडंट’ म्हणजे एकाच बंदिस्त जागेत दोन रूम टाकल्या आहेत. ‘नॉट प्लेस्ड’ म्हणजे प्लॅनमधून रूम पुसली गेली, पण यादीत उरली. ही शेवटची मंडळी प्लॅनमध्ये दिसतच नाहीत, त्यामुळे शेड्यूलमध्ये जाऊन तिथूनच उडवायची.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो ‘रूम बाउंडिंग’ या एका खुणेत. भिंत किंवा कॉलम निवडला की गुणधर्मांत ती दिसते. खूण असेल तरच रूम तिथे थांबते. कमरेएवढ्या उंचीच्या अर्ध्या भिंतीची, कपाटामागच्या फळीवजा भिंतीची खूण सहसा काढावी लागते, नाहीतर खोलीचे उगाच दोन तुकडे पडतात. स्ट्रक्चरचं मॉडेल लिंक म्हणून, म्हणजे वेगळ्या फाइलमधून जोडून, आलं असेल तर त्या लिंकच्या टाइप गुणधर्मांत जाऊन ‘रूम बाउंडिंग’ चालू करा. तोपर्यंत रूमला लिंकमधले कॉलम दिसत नाहीत.

कॉलमचा हिशेब नीट बघा, कारण आपल्याकडे आरसीसीच्या इमारतीत कॉलम भिंतीबाहेर डोकावतोच. वरच्याच बेडरूमच्या एका कोपऱ्यात, ३.६० मीटरच्या भिंतीला लागून २३० × ४५० चा कॉलम आहे. भिंत १५० ची, म्हणून तो ८० मिमी आत येतो. खोलीतून ०.४५ × ०.०८, म्हणजे ०.०३६ चौरस मीटर गेले. क्षेत्रफळ झालं १०.७६४. आकडा किरकोळ आहे, पण हद्दीचे कोपरे आता चार नाहीत, सहा आहेत. टाइल्स कापणाऱ्या माणसाला नेमके तेच दोन जादा कोपरे हवे असतात.

हॉल आणि ओपन किचनच्या मध्ये भिंत नसते. तिथे ‘रूम सेपरेटर’ची रेघ टाका. पण भिंतीच्या अंगावर सेपरेटर टाकू नका. भिंत आणि सेपरेटर एकमेकांवर आल्याची सूचना येते, लोक ती बंद करून पुढे जातात, आणि पुढे भिंत हलवली तरी रूम जुन्याच रेघेला चिकटून बसते.

दुरुस्तीचं काम असेल तर फेज, म्हणजे कामाचा टप्पा, विसरू नका. रूम एका फेजची असते. पंचवटीतल्या एखाद्या जुन्या वाड्याचं मॉडेल करताना ‘आहे ते’ आणि ‘नवीन’ अशा दोन्ही फेजच्या रूम फाइलमध्ये असतात. एक्सपोर्ट करताना गाळणी लावली नाही तर माजघर दोनदा मोजलं जातं. वाड्यांचं आणखी एक: भिंती जाड, त्यात कोनाडे, आणि काटकोन शोधून सापडत नाही. तिथे हद्दीला चाळीस-पन्नास कोपरे निघाले तर घाबरू नका, मॉडेल खरं असल्याची ती खूण आहे.

छपराचा किंवा तिरक्या भिंतीचा भाग असेल तर लेव्हलच्या (मजल्याच्या पातळीच्या) गुणधर्मातली ‘कॉम्प्युटेशन हाइट’ तपासा. रूमची हद्द त्या उंचीवर कापून मोजली जाते. भिंत लेव्हलपासून थोडी वरून सुरू होत असेल आणि ही उंची शून्य असेल, तर रूमला ती भिंत नाहीच.

आता बाहेर काढा

नुसती यादी हवी असेल तर रूम शेड्यूल उघडून फाइल, एक्सपोर्ट, रिपोर्ट्स, शेड्यूल. नाव, नंबर, क्षेत्रफळ, परिमिती मिळते, आकार मिळत नाही. रंगकामाच्या अंदाजाला एवढं पुरतं.

आकार हवा असेल तर पहिला पर्याय डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची फाइल. यात लोक चुकतात ते एकाच ठिकाणी: एक्सपोर्टच्या सेटअपमध्ये ‘जनरल’ टॅबवर रूम, स्पेस आणि एरिया पॉलीलाइन म्हणून पाठवण्याची खूण असते, ती मूळ सेटिंगमध्ये लावलेली नसते. ती लावा, ज्या प्लॅनमध्ये रूम दिसतात तोच व्ह्यू पाठवा, आणि ऑटोकॅडमध्ये उघडून एखादी पॉलीलाइन निवडा. गुणधर्मात ती ‘क्लोज्ड’ आहे ना, आणि क्षेत्रफळ शेड्यूलशी जुळतं ना, एवढं बघा. परवानगीचं ड्रॉइंग तपासणारी सॉफ्टवेअर बंद पॉलीलाइनवरच क्षेत्रफळ मोजतात. भिंतींच्या रेघांवरून हाताने पॉलीलाइन पुन्हा फिरवत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. माझं स्पष्ट मत आहे की डीडब्ल्यूजीने काम होत असेल तर पुढच्या वाटांना जाऊच नका.

एसीच्या किंवा ऊर्जेच्या हिशेबासाठी आयएफसी लागतं. ही मॉडेलची देवाणघेवाण करायची खुली पद्धत आहे, बिल्डिंगस्मार्ट संस्थेची, आयएसओ १६७३९ म्हणून प्रमाणित. त्यात खोली ‘आयएफसी स्पेस’ म्हणून जाते, आणि खोली व भिंत यांचं नातं ‘स्पेस बाउंडरी’ म्हणून. एक्सपोर्टच्या सेटअपमध्ये ‘स्पेस बाउंडरीज’ला तीन पर्याय असतात: काहीच नाही, पहिली पातळी, दुसरी पातळी. फरक असा की हॉलच्या लांब भिंतीच्या पलीकडे दोन बेडरूम असतील तर पहिल्या पातळीत ती भिंत एकच तुकडा म्हणून जाते. दुसऱ्या पातळीत पलीकडे काय आहे ते बघून तिचे दोन तुकडे पडतात. एका बेडरूममध्ये एसी आहे, दुसरीत नाही, तर उष्णतेचा हिशेब तुकड्यातुकड्याने वेगळा. म्हणून हीट लोडसाठी दुसरी पातळी मागतात. कुणी काही सांगितलं नसेल तर विचारून घ्या. जिथे गरज नाही तिथे दुसरी पातळी दिली तर फाइल उगाच फुगते.

आयएफसीची हमखास तक्रार म्हणजे ‘फाइल उघडली, पण खोल्याच नाहीत.’ कारण बहुधा दोनातलं एक. थ्रीडी व्ह्यूमधून ‘फक्त दिसणारे घटक’ पाठवताना, त्याखालची थ्रीडी व्ह्यूमधल्या रूम पाठवण्याची खूण राहिलेली असते. नाहीतर खोल्या आलेल्या असतात, पण व्ह्यूअरने लपवलेल्या असतात. बरेच व्ह्यूअर सुरुवातीला स्पेस दाखवतच नाहीत, झाडासारख्या यादीत जाऊन त्या चालू कराव्या लागतात. काही ऊर्जेची सॉफ्टवेअर जीबीएक्सएमएल ही वेगळ्या प्रकारची फाइल मागतात. तेही एक्सपोर्टच्या मेनूतच आहे, फक्त आधी कॉम्प्युटेशन्समध्ये ‘एरियाज अँड व्हॉल्यूम्स’ चालू करा, नाहीतर खोलीची उंची धड मोजली जात नाही.

कोपऱ्यांचे आकडेच हवे असतील तर डायनामो

प्रत्येक कोपऱ्याचा एक्स आणि वाय एक्सेलमध्ये हवा, असं काम आलं की मॅनेज टॅबवरून डायनामो, म्हणजे ठोकळे जोडून रेव्हिटला कामं सांगायची सोय, उघडा. रेव्हिट एलटी या छोट्या आवृत्तीत डायनामो नाही, त्यांनी डीडब्ल्यूजीवरच भागवावं.

‘कॅटेगरीज’ नोडमध्ये (नोड म्हणजे असा एक ठोकळा) रूम्स निवडा आणि ‘ऑल एलिमेंट्स ऑफ कॅटेगरी’ला जोडा. ही यादी सगळ्या फेजची, न टाकलेल्या रूमसकट येते. म्हणून लगेच गाळणी: क्षेत्रफळ शून्यापेक्षा जास्त, आणि फेज तुम्हाला हवी ती. गाळलेली यादी ‘रूम फिनिश बाउंडरी’ या नोडला द्या. याचे सेंटर, कोअर आणि कोअर सेंटर असे भाऊही आहेत, आणि हे चारही नोड प्रोजेक्टची सेटिंग काहीही असो, आपापल्या नावाप्रमाणेच हद्द देतात. त्यामुळे प्रोजेक्ट ‘मध्यावर’ आणि नोड ‘फिनिश’चा, असं झालं की शेड्यूलचं क्षेत्रफळ आणि तुमचे कोपरे कधीच जुळणार नाहीत. तास-दोन तास डोकं खाजवण्याआधी हे बघा.

उत्तर येतं ते तीन मजली यादीत: रूम, तिच्यात वेढे, वेढ्यात रेघा. साध्या खोलीला एकच वेढा. खोलीच्या मधोमध सुटा कॉलम किंवा डक्ट असेल तर दुसरा वेढा येतो, आणि त्याचं क्षेत्रफळ वजा करायचं असतं. पहिला वेढा बाहेरचाच असेल असं गृहीत धरू नका, मोठा कोणता ते मोजून ठरवा.

वेढ्यातल्या प्रत्येक रेघेचा ‘स्टार्ट पॉइंट’ घेतला की कोपरे क्रमाने मिळतात. गोलाकार भिंत असेल तर एवढ्याने भागत नाही. कमानीच्या दोन टोकांना सरळ रेघ जोडली जाते आणि खोली चपटी होते. तिथे कमानीचे छोटे तुकडे पाडून मधले बिंदूही घ्यावे लागतात.

सीएसव्हीत, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलीत, लिहिताना एका ओळीत एकच कोपरा ठेवा: रूम नंबर, वेढा क्रमांक, कोपरा क्रमांक, एक्स, वाय. खोलीच्या नावावर भरवसा ठेवू नका. एका इमारतीत ‘बेडरूम’ नावाच्या शंभर खोल्या असतात. नंबर तरी एकमेव ठेवा, आणि आयएफसीही सोबत जाणार असेल तर तिथला बावीस अक्षरी जीयूआयडी (प्रत्येक घटकाची एकमेव ओळख) वेगळ्या स्तंभात द्या. पुढच्या माणसाला दोन्ही फाइल जोडता येतात.

एककांचा सापळा वेगळाच. डायनामोचे नोड प्रोजेक्टच्या एककात आकडे देतात, पण त्यातच पायथनचा नोड टाकून थेट रेव्हिटच्या एपीआयला (प्रोग्रॅममधून रेव्हिटशी बोलायची सोय) विचारलंत तर उत्तर फुटांत येतं, प्रोजेक्ट मिलिमीटरमध्ये असला तरी. आपली ३.६० मीटरची भिंत ११.८१ दिसली की ते फूट आहेत हे ओळखा आणि ०.३०४८ ने गुणा.

एक खोली हाताने तपासा

फाइल पाठवण्याआधी एका खोलीचं क्षेत्रफळ कोपऱ्यांवरून काढून बघा. आपली कॉलमवाली बेडरूम घ्या. कोपरे क्रमाने: (०, ०), (३.६०, ०), (३.६०, २.९२), (३.१५, २.९२), (३.१५, ३.००), (०, ३.००), आणि शेवटी पहिला कोपरा पुन्हा. प्रत्येक ओळीतला एक्स पुढच्या ओळीतल्या वायने गुणून बेरीज करा: ३९.९२४. मग प्रत्येक ओळीतला वाय पुढच्या ओळीतल्या एक्सने गुणून बेरीज: १८.३९६. वजाबाकी २१.५२८, तिचं निम्मं १०.७६४. शेड्यूलशी जुळलं. एक्सेलमध्ये समप्रॉडक्टच्या एका सूत्रात हे होतं. १०.८० आलं असतं तर कॉलमची ‘रूम बाउंडिंग’ खूण गेलेली आहे, आणि १०.९-११ च्या आसपास आलं असतं तर नोड कोअरचा लागलाय.

एक्सेलमध्ये ‘देवघर’ आणि ‘ओटा’ यांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसली तर फाइल बिघडलेली नसते. सीएसव्हीवर डबल क्लिक करू नका. डेटा टॅबमधून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आणा आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१, यूटीएफ-८ निवडा.

सर्व्हेच्या नकाशावर खोल्या बसवायच्या असतील तर आणखी एक काळजी. नाशिक यूटीएम या जागतिक नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतं, आणि तिथले आकडे लाखो मीटरचे असतात. उत्तरेकडचा आकडा २,२०० किलोमीटरच्या वर जातो. रेव्हिटला आपल्या आतल्या मूळ बिंदूपासून सोळा किलोमीटरपलीकडची भूमिती झेपत नाही. म्हणून इमारत उचलून त्या आकड्यावर नेऊन ठेवू नका. ती मूळ बिंदूजवळच राहू द्या आणि खरे आकडे सर्व्हे पॉइंटला द्या. डायनामोतून आलेले एक्स-वाय मात्र आतल्या मूळ बिंदूपासूनचेच असतात. ते सर्व्हेच्या आकड्यांत आणायचे तर सरकवणं आणि खऱ्या उत्तरेइतकं फिरवणं, दोन्ही करावं लागतं.

फाइल पाठवताना सोबत चार ओळींची टीप जोडा: हद्द कुठली (फिनिश, मध्य की कोअर), एकक कोणतं, फेज कोणती, स्ट्रक्चरची लिंक कोणत्या तारखेची. पॉलीलाइन रूमच्या आहेत की रेराच्या एरिया स्कीमच्या, हेही लिहा. आणि फाइलच्या नावात ‘फायनल’ लिहू नका, तारीख टाका.